टाचणीमावशींची टिचबटणं

चर्चमध्ये प्रार्थनेच्या वेळी सगळ्यांचे डोळे मिटायचे, तेव्हा टाचणीमावशींचा एक डोळा उघडा असायचा. देवाशी त्यांचं काही वाकडं होतं असं मुळीच नाही. पण पुढच्या बाकावरच्या माणसाच्या कोटाची शिवण उसवलेली त्यांना एकदा दिसली, की तो डोळा काही केल्या मिटत नसे. उपासना संपायचा अवकाश, मावशी त्या माणसाला कोपराने ढोसून म्हणायच्या, "जरा पाठ करा बघू इकडे." दोरा ओवलेली सुई कायम त्यांच्या कॉलरमागे टोचलेली असायची. माणूस दारापर्यंत पोचेपर्यंत त्याचा कोट धड झालेला असे, आणि त्याने पैशाचं नाव काढलंच, तर मावशी त्याच्याकडे अशा बघत की त्याचा हात खिशातच राही.

शिवणकाम हा त्यांचा धंदा. कापड मापताना ओठांत टाचण्या धरायची सवय, त्यामुळे बोलणं तोंडाच्या एका कोपऱ्यातून. गल्लीतल्या पोरांनी त्यावरून नाव ठेवलं आणि पोरांच्या आयांनी ते उचललं. बाप्तिस्म्याच्या दाखल्यावर दुसरं काहीतरी नाव होतं, ते तिथेच राहिलं.

घर तळमजल्यावर, दोन खोल्यांचं. मागच्या खोलीत ओटा आणि पलंग. पुढच्या खोलीत खिडकीशी मशीन, मधोमध कापायचं टेबल, आणि भिंतीलगत गिऱ्हाइकांचे कपडे अडकवायची लांब दांडी. टपालखात्यातून निवृत्त झालेले काका, म्हणजे मावशींचे यजमान, त्या दांडीखालीच खुर्ची टाकून वर्तमानपत्र वाचत. त्यामुळे आत येणाऱ्याला आधी कोणाचा तरी लटकता झगा दिसे, आणि मग त्याखालून काकांचे पाय.

मावशींना कोणाला नाही म्हणणं जमत नसे. मागणाऱ्याला तर नाहीच, न मागणाऱ्यालासुद्धा नाही. पँटची घडी सोडून द्या म्हणून आलेल्या माणसाची कॉलरही उलटून मिळे. चर्चच्या गाणाऱ्या मंडळातल्या बाई उपासनेच्या आदल्या दिवशी संध्याकाळी झग्यांचं बोचकं आणून टाकत आणि "तुमच्याशिवाय कोण करणार हो मावशी" एवढं म्हणून मोकळ्या होत. देवाने आपल्याला दोन हात दिलेत ते दुसऱ्याच्या कामी यावेत म्हणून, असं मावशी मानत, आणि मानत तसं वागत. त्यात त्या सुखी होत्या, हे मात्र खरं. कुरकुर करायची ती त्यांची कंबर.

त्यांच्या बरोबर डोक्यावरच्या खोलीत घड्याळजी राहायचे. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, एकुलती एक मुलगी दूरच्या शहरात नोकरीला. खिडकीशी टेबल, डोळ्याला भिंग, समोर पोट उघडून पडलेली घड्याळं, असा त्यांचा दिवस. संध्याकाळी खाली येऊन काकांशी बुद्धिबळाचा एक डाव. माणूस काटेकोर आणि मानी. कपाचा कानसुद्धा ठरलेल्या बाजूलाच हवा. मावशींच्या उपकारांच्या तडाख्यातून सुटलेला गल्लीतला हा एकच माणूस. आपल्या शर्टाचं तुटलेलं बटण तो स्वतः लावायचा, आणि मावशींच्या नाकावर टिच्चून बरं लावायचा.

त्या थंडीच्या अखेरीस घड्याळजींना अर्धांगाचा झटका आला. देवाची कृपा, की सौम्य होता. वाकडं झालेलं तोंड सरळ झालं, पाय काठीच्या आधाराने चालू लागला, पण उजव्या हाताचा अंगठा आणि त्याच्या शेजारची दोन बोटं काही ऐकेनात. मुलगी धावत आली आणि रजा होती तोवर राहिली. वडिलांना सोबतच न्यायचं असं तिने ठरवलं होतं.

"तुझ्या घरी मी पाहुणा," घड्याळजी म्हणाले. "इथे मी घड्याळजी आहे."

बरीच वादावादी होऊन शेवटी तोडगा निघाला. उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलगी परत येईल. तोवर बाबांना आपले कपडे आपण घालता आले, आपला चहा आपण करता आला, तर त्यांनी इथेच राहावं. नाहीतर सामान बांधायचं आणि पुन्हा एक अक्षर बोलायचं नाही. मुलगी वाईट नव्हती. ती घाबरलेली होती. निघताना ती मावशींच्या उंबऱ्यात थांबली आणि म्हणाली, "काकू, बाबांकडे बघाल ना?"

हे मावशींना सांगायला नको होतं, पण आता सांगितलंच होतं.

दुसऱ्याच आठवड्यात मावशी सूप घेऊन वर गेल्या, तर घड्याळजी भिंतीकडे तोंड करून उभे. शर्टाचं वरचं बटण धरायचे, ते निसटायचं, पुन्हा धरायचे. जी बोटं केसाएवढी स्प्रिंग चिमट्यात धरायची, त्यांच्या हाती बटण राहत नव्हतं. मावशी आवाज न करता जिन्यात परत आल्या आणि तिथेच पायरीवर बसून रडल्या. सूप निवून गेलं.

मग त्यांनी डोकं चालवलं. धुवायला म्हणून शर्ट खाली आणले. बटणं काढली, काजं बेमालूम शिवून टाकली, त्यांच्यावर तीच बटणं शोभेला लावली आणि पट्टीच्या आत टिचबटणं बसवली. दाबलं की टच, झालं काम. बाहेरून पाहणाऱ्याला पत्ता लागायचा नाही, आणि घड्याळजींच्या बधिर बोटांनाही बटण काजात गेलं असंच वाटायचं. हे कसब मावशींचंच. दुसरी एखादी शेजारीण असती तर तिने रोज येऊन शर्ट घालून दिला असता, आणि घड्याळजींनी तिला दुसऱ्या दिवशी दारातूनच वाटेला लावलं असतं. मावशींनी उपकार अस्तरात लपवला. पाठोपाठ पँटच्या कमरेत इलॅस्टिक गेलं, बुटांच्या नाड्यांच्या जागी नाडीसारखीच दिसणारी लवचिक दोरी आली. चहासाखरेच्या डब्यांची झाकणं मावशी केर काढायच्या निमित्ताने हळूच सैल करून ठेवू लागल्या.

"वहिनी, आज शर्ट एका दमात घातला," एका सकाळी घड्याळजी जिन्यावरून ओरडले. त्यांच्या आवाजात कितीतरी दिवसांनी जीव होता.

"बघा, म्हटलं नव्हतं मी?" मावशी टाचण्यांच्या आडून म्हणाल्या, आणि दिवसभर स्तोत्र गुणगुणत मशीन चालवत बसल्या. मुलीचा फोन आला तेव्हा तिलाही त्यांनी सांगितलं, की बाबा आता स्वतःचे कपडे स्वतः घालतात. यात खोटं काय होतं? घालत होतेच.

काकांनी टिचबटणांचं रिकामं पाकीट उचलून उजेडात धरलं. "काय गं, पलटणीचे गणवेश शिवायला घेतलेस की काय?"

"तुम्ही पेपर वाचा," मावशी म्हणाल्या.

दवाखान्यातून दर आठवड्याला हाताचा व्यायाम करून घ्यायला एक बाई येत. तरुण, हसतमुख, पण कामाला पक्क्या. कपडे घालणं इतकं सुधारलं आणि पकड मात्र होती तिथेच, हे त्यांना उलगडत नव्हतं. एकदा त्यांनी स्वतःच्या अंगातला पांढरा डगला काढला आणि घड्याळजींना म्हणाल्या, "काका, हा घाला आणि बटणं लावून दाखवा."

"एवढंच होय," घड्याळजी म्हणाले.

मावशी तेव्हा चहाचा ट्रे घेऊन दारात उभ्या होत्या. घड्याळजींची बोटं बटणावर गेली आणि घसरली. पुन्हा गेली, पुन्हा घसरली. त्यांनी बटणाकडे निरखून पाहिलं, जणू दोष त्या बटणाचाच होता. मग व्यायामाच्या बाईंनी त्यांच्या शर्टाची पट्टी चिमटीत धरून किंचित ओढली. टच आवाज झाला.

बाईंनी पट्टी उलटून पाहिली. "हात आहे तिथेच आहे काका," त्या हळूच म्हणाल्या. "सुधारलाय तो शर्ट." मग त्या मावशींकडे वळल्या. "मावशी, काम फार सुरेख केलंय तुम्ही. पण बोटांना कामच मिळालं नाही, तर ती विसरतात. वापरली तरच परत येतील."

बाई गेल्यावर घड्याळजींनी खाली मान घालून एकेक टिचबटण ओढून उघडलं. सगळी उघडून झाल्यावर म्हणाले, "वहिनी, मी मुलीला फोनवर सांगितलं होतं, हात परत आला म्हणून." मग म्हणाले, "मला खरंच वाटलं होतं तसं."

दुसऱ्या दिवशी त्यांच्या दाराला आतून कडी होती. त्याच्या दुसऱ्या दिवशीही. संध्याकाळी ते बुद्धिबळालाही उतरले नाहीत.

मावशींना आधी राग आला. "मी काय चोरी केली का हो कोणाची?" त्या काकांना म्हणाल्या. "बघवत नव्हतं म्हणून केलं. दुसरं कोण करणार होतं त्यांचं?" मावशींनी एका गिऱ्हाइकाचा झगा उलटा शिवला, उसवला, पुन्हा उलटा शिवला. वरच्या खोलीत दिवसभर खुर्ची हलल्याचा आवाज नसायचा, आणि ती शांतता त्यांना खाली बसू देईना. सुट्टी जवळ येत चालली होती. आपल्या भलेपणापायी हा माणूस आपली खोली गमावणार, हे त्यांना आता लख्ख दिसत होतं, आणि त्यावर घालायला ठिगळ सापडत नव्हतं.

त्यांच्या घरी संध्याकाळी जेवणाआधी प्रार्थना व्हायची आणि शुभवर्तमानातला एक भाग काका वाचायचे. वर्षानुवर्षं कुंडाच्या काठी पडून राहिलेल्या आजारी माणसाची गोष्ट त्या दिवशी निघाली. प्रभू त्याला बरं करतात आणि आपली बाज उचलून चालायला सांगतात. काका वाचता वाचता थांबले, चष्मा कपाळावर सरकवला.

"एक गंमत आज लक्षात आली बघ," ते म्हणाले. "बरं त्याला प्रभूंनी केलं. पण बाज ज्याची त्यालाच उचलायला लावली."

"मग?"

"मग काही नाही. तू असतीस तिथे, तर बाज तू उचलली असतीस. त्याच्या घरी नेऊन पोचवली असतीस. वर उशीला नवा अभ्रा घातला असतास."

एरवी मावशी यावर फणकारल्या असत्या. त्या दिवशी म्हणाल्या, "बाज जड असते हो. इतकी वर्षं पडून राहिलेला माणूस तो."

"असेल की. पण प्रभूंना काय ती जड होती?"

मावशी ताटाशी बसून राहिल्या. घड्याळजी भिंतीकडे तोंड करून उभे होते, ते त्यांना पुन्हा दिसलं. तो त्रास कोणाला सोसवला नव्हता? घड्याळजी तर सोसत होते, पुन्हा पुन्हा बटण धरत होते. सोसवला नव्हता तो आपल्याला. म्हणून आपण तो झाकून टाकला, आणि त्यालाच मदत म्हटलं. हे मान्य करताना मावशींना फार वाईट वाटलं, आणि थोडं हलकंही वाटलं.

सकाळी त्या वर गेल्या. दार बोटभर उघडलं.

"भावोजी, चुकलं माझं," मावशी म्हणाल्या. "शर्ट द्या. सगळं उसवून काजं मोकळी करते."

"आणि मग?"

"मग तुम्ही सांगाल ते."

"मी सांगेन ते तुम्हाला जमायचं नाही."

"सांगून तर बघा."

घड्याळजींनी दार उघडलं. "समोर बसायचं. हात लावायचा नाही, बोलायचं नाही. एकटा असलो की मी वैतागून सोडून देतो. कोणी समोर असलं की निदान लाजेखातर तरी नेट धरतो."

मावशींनी आयुष्यात यापेक्षा अवघड काम घेतलं नव्हतं. शर्ट तयार करतानाच पहिला मोह झाला. एक काज त्यांनी जरासं, अगदी सुतभर, मोठं केलं. कोणाला कळलं असतं? त्यांना कळलं. त्यांनी ते उसवून पुन्हा नेमकं केलं, आणि करताना स्वतःला दोन शिव्या घातल्या.

मग रोज सकाळी त्या वर जाऊन खुर्चीवर बसू लागल्या. हात मांड्यांखाली दाबून धरलेले, ओठांत टाचण्या, म्हणजे तोंड आपोआप बंद. घड्याळजी खालच्या बटणापासून सुरुवात करायचे. बटण काजाच्या तोंडाशी यायचं आणि पळायचं. मावशींचा खांदा आपोआप पुढे जायचा. घड्याळजी नुसते बघायचे, की तो मागे यायचा. पण मावशींनीही एक अट घातली होती. एका शर्टापुरतंच बसेन, मग मला माझी मशीन आहे. चहाला पाणी ठेवायला, झाकणं उघडायला थांबणार नाही. घड्याळजींनी मान डोलावली, आणि त्यांच्या चेहऱ्यावर त्यामुळे बरंच वाटल्यासारखं दिसलं.

खाली गिऱ्हाईक आलं की काका सांगायचे, "बसा जरा. त्या वर काहीही न करायला गेल्यात, उतरतीलच."

न करण्याची सवय लागली की ती इकडे तिकडेही जाते. गाणाऱ्या मंडळातल्या बाई बोचकं घेऊन आल्या, तेव्हा मावशी म्हणाल्या, "उद्या नाही व्हायचं. पुढच्या आठवड्यात देते. आणि खालचे काठ तुम्ही सगळ्या मिळून उसवून आणा." बोलून झाल्यावर त्यांनी छताकडे पाहिलं. छत जागेवर होतं. बाई बोचकं घेऊन गेल्या आणि काठ उसवून परत आल्या, तेही हसत, कारण सगळ्यांनी मिळून उसवताना गप्पा छान झाल्या होत्या.

एका सकाळी सगळ्यात खालचं बटण काजात गेलं. घड्याळजी घामाघूम होऊन पलंगावर टेकले. मावशी खाली आल्या आणि आनंदाच्या भरात एका सद्गृहस्थाच्या पँटचे दोन्ही पाय एकमेकांना शिवून बसल्या.

त्यानंतर घड्याळजींनीच मुलीला फोन केला. "मागे सांगितलं होतं ते खरं नव्हतं," ते म्हणाले. "आता जे आहे, ते येऊन बघ."

ती आली तेव्हा तिच्या हातात एक मोठी बॅग होती. स्वतःचे चार कपडे वेगळ्या पिशवीत. बॅग कोणासाठी आहे ते कोणी विचारलं नाही आणि तिनेही सांगितलं नाही. सकाळी मावशी नेहमीसारख्या वर गेल्या, तर मुलगी स्टुलावर बसलेली आणि घड्याळजी पलंगाच्या कडेवर, शर्ट अंगात, पट्ट्या उघड्या. त्यांनी सुरुवात केली. खालचं बटण गेलं. त्याच्या वरचं अडलं. मुलीचा हात पुढे झाला, तशी मावशींनी तिचं मनगट धरलं आणि धरूनच ठेवलं. चहा होऊन निवेल एवढा वेळ गेला. शेवटचं काज भरलं, तेव्हा वर एक बटण उरलं होतं आणि कॉलरची एक बाजू कानापर्यंत चढली होती. घड्याळजींनी आरशात पाहिलं.

"घोटाळा झाला," ते म्हणाले.

"बाबा, मी एकदाच..."

"थांब."

त्यांनी वरचं बटण धरलं आणि एकेक करून सगळी सोडायला लागले. चिडले नाहीत. सोडून झाल्यावर दोन्ही पट्ट्या खाली नीट जुळवल्या आणि पहिल्यापासून सुरुवात केली. मुलगी खिडकीबाहेर बघत होती, तिचे डोळे भरले होते.

"काकू," ती दबक्या आवाजात म्हणाली, "तुम्ही रोज अशाच बसता?"

"हो गं."

"कसं बघवतं तुम्हाला?"

"नाही बघवत," मावशी म्हणाल्या. "पण बघते."

दुसऱ्या खेपेला कॉलर सरळ बसली. घड्याळजी उठले, काठी टेकत ओट्यापाशी गेले आणि तिघांचा चहा केला. डबा छातीशी धरून झाकण उघडलं, थोडी साखर सांडली, एक बशी भरली. मुलगी बशीतला चहासुद्धा प्यायली. मग रडू आवरून तिने वडिलांना विचारलं की त्यांना काय हवं आहे, आणि त्यांनी सांगितलं.

दोन दिवसांनी ती निघाली. जिन्यावरून ती मोठी बॅग उतरवताना पाहून मावशी सवयीने धावल्या आणि हात पुढे केला.

"राहू द्या काकू," ती हसून म्हणाली. "रिकामीच आहे."

मावशींनी हात मागे घेतला. ती गल्लीच्या वळणापर्यंत दिसत होती तोवर त्या उंबऱ्यात उभ्या राहिल्या, आणि मग आत जाऊन मशीनवर बसल्या.